कानस आणि सूर



आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे, ही कामगार चळवळीची जुनी मागणी. त्या शेवटच्या आठ तासांचे माणूस काय करतो, याचा एक दाखला आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. तो आहे विजेच्या गिटारीचा.

१९६३ साली लंडनजवळच्या फेल्टम येथे ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाला अशी गिटार हवी होती. दुकानातली घेण्याची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे सरकारी विमान-खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत. बापलेकांनी वाद्य घरीच करावयाचे ठरविले. एका जादा खोलीचा कारखाना झाला. शेकोटीवरच्या जुन्या महोगनी फळीची गिटारीची मान झाली. फळीला किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजविली. धडाला जुन्या मेजाचे ओक लाकूड लागले. सूर हेलकावणारी तरफ पोलादी धारेवर तोलली व तिला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा लावल्या. पट्टीवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या!

पण भंगार जोडले म्हणजे वाद्य होत नाही. सतारीचे पडदे सरकविता येतात. गिटारीचे ठोकून बसविलेले असतात. तेथे हिशेब चुकला की वाद्य जन्माचे बेसूर. या गिटारीच्या तारेची लांबी २४ इंच आणि पडदेही २४. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागावे आणि येईल तेवढे पुढे सरकावे, असा नियम आहे. त्याप्रमाणे पहिला पडदा सुमारे १.३५ इंचावर येतो, बारावा बरोबर मध्यावर. अंतर आक्रसत जाते आणि शेवटच्या दोन पडद्यांत जेमतेम ९ मिलिमीटर राहतात. तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही तयार कानाला खुपते.

आवाजाचे शास्त्र फॅरडेने १८३१ साली दाखविलेलेच. चुंबकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते; वर पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत वीज उपजते. या गुंडाळ्याही बापलेकांनी प्रथम घरीच केल्या. तार आडवी ओढली की त्या खरखरत, म्हणून तयार आणल्या. आणि त्याही शिट्टी घालू नयेत म्हणून आत आराल्डाइट ओतून घट्ट केल्या. खर्च सुमारे ८ पौंड, काळ दोनेक वर्षांचा. पुढे क्वीन या वाद्यवृंदात हीच गिटार वाजली. तिच्या साथीने गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. ३ जून २००२ रोजी ती बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर वाजली.

ही कथा ऐकून एखादा शेठ म्हणेल, "पाहा, भंगारातून एवढे होते, मग पगारवाढ कशाला?" त्याला आमचे उत्तर असे : त्या बापाला नियमित पगार होता, ठरलेल्या वेळी सुटी होती आणि घरात एक खोली जास्तीची होती. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, जेथे माणसे पाळीपाळीने झोपत, तेथे कानस तरी कोठे ठेवणार?

कारखान्यात नकाशा एकाचा, हात दुसऱ्याचा. जन्मभर एकच भाग कातणाऱ्याला पुरी वस्तू हाती धरता येत नाही. घरच्या कार्यशाळेत डोके आणि हात पुन्हा एकत्र येतात. आज शतांश मिलिमीटर दाखविणारे कॅलिपर, छोटे लेथ, संगणकावर चालणारी कोरणीयंत्रेही घरगुती आकारात मिळतात. एकेका वादकाच्या हाताच्या मापाने गिटारी घडविणारे हौशी कारागीर ती वापरतात. पण ज्याच्या घरी जागा नाही, त्याने काय करावे?

आम्ही जे थोडेफार शिकलो, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी पूर्वजांनी वाचनालये काढली. तशीच सार्वजनिक कार्यशाळा प्रत्येक गावात असावी : एक लेथ, चार शेगडे, कानशींचा संच आणि शिकविणारा एक निवृत्त फिटर. नगरपालिकेने खोली द्यावी, कामगार संघांनी हत्यारे द्यावीत. मग कोणी गिटार करील, कोणी पेटी दुरुस्त करील.