तारीख नसलेली सही



पदवीदान समारंभाला आलेल्या पाहुण्याने मोठी स्वप्ने पाहायला सांगायची असतात. पनवेलच्या मुलांना ते वेगळे सांगायला नको. तुमच्या डोळ्यांदेखत उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले, गावे उठली आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्याआधी 1970 मध्ये सिडको आली, 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, 2016 मध्ये पनवेल नगरपरिषदेची महापालिका झाली. उरणला ओएनजीसी, दारात रेल्वे. एवढी मोठी गिऱ्हाइके एका तालुक्याच्या आसपास क्वचितच सापडतील. म्हणून आज मी खरेदीबद्दल बोलणार आहे. सरकार रोज काही ना काही विकत घेते: खुर्च्या, पाइप, गणवेश, साफसफाई, संगणकप्रणाली. त्यातले तुमच्याकडून काय घेतले जाणार?

'भूमिपुत्रांना कामे द्या' ही इथली मागणी जुनी आहे. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये इथला शेतकरी संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरला, गोळीबारात पाच जणांचा जीव गेला आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याची वाट मोकळी झाली. जमिनीचा वाटा असा लढून मिळाला. कामाचा वाटा मात्र बऱ्याच घरांत पोटठेक्याच्या रूपाने आला. डंपर, माती-भराव, टँकर, माणसे पुरवणे. वर मोठी कंपनी, तिच्याखाली दुसरी आणि तळाला आपला माणूस. त्याच्या हाती ना कार्यादेश ना करार, नुसता फोनवरचा शब्द. शब्दावर बँक कर्ज देत नाही आणि पुढच्या निविदेत तो अनुभव म्हणून लावताही येत नाही. वीस वर्षे काम केलेला माणूस कागदोपत्री कोराच राहतो.

कागदावर यायचे तर दार उघडे आहे. लहान उद्योगांसाठीचे केंद्राचे खरेदी धोरण 1 एप्रिल 2012 पासून लागू आहे. केंद्रीय मंत्रालये, खाती आणि केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी 25 टक्के माल आणि सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायच्या आहेत. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि 3 टक्के महिलांकडून. 358 वस्तू तर फक्त लहानांसाठी राखीव आहेत. निविदेचा संच मोफत, बयाणा रक्कम माफ. तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि तो कमी दर मोठ्या कंपनीचा असला, तर तुम्ही त्या दराला उतरून कामाचा हिस्सा घेऊ शकता. याला कुणी खिरापत म्हणत असेल तर त्याला अमेरिकेकडे पाहायला सांगा. बाजारपेठेचे एवढे गोडवे गाणारा तो देश 1953 पासून लहान उद्योगांसाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा चालवतो आणि संघराज्याच्या कंत्राटांत त्यांच्यासाठी 23 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवतो. आपले राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळही 1955 चे आहे.

मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या एखाद्या कार्यालयात तुम्ही माझे नाव घेऊन भांडाल. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे धोरण लागू नाही. बांधकामाच्या ठेक्यांनाही सर्वसाधारणपणे लागू धरले जात नाही. त्यासाठी राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्था यांच्यासाठी कामांचा वेगळा हिस्सा असतो, तो स्थापत्य शाखेच्या मुलांनी पाहावा. महापालिकेत केंद्राचा नियम दाखवून उपयोग नाही, तिथे राज्याचे नियम चालतात. पूर्वीच्या अनुभवाची आणि उलाढालीची अट लहानांसाठी शिथिल करता येते. पण 'करता येते' आणि 'करतात' यांच्यामध्ये एक अधिकारी बसलेला असतो. आणि मुलींनो, त्या 3 टक्क्यांसाठी घरातले कुणी तुमच्या नावावर फर्म काढू म्हणाले, तर बँकेचे खाते आणि निविदेची डिजिटल सही स्वतःच्या हातात ठेवा. नाव बाईचे आणि व्यवहार भावाचा, असल्या फर्म आपल्याकडे कमी नाहीत.

आता खरे दुखणे. काम मिळवणे त्यामानाने सोपे झाले आहे. 2016 पासून 'जेम' या सरकारी बाजारपेठेवर घरबसल्या माल लावता येतो. पैसे मिळणे सोपे झालेले नाही. लहान उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो की लहान पुरवठादाराचे पैसे करारातल्या मुदतीत द्या, आणि ती मुदत काही झाले तरी 45 दिवसांपेक्षा जास्त असू नये. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हे व्याज साडेसोळा टक्के होते.

पण दिवस मोजायचे कुठून? माल पोचल्याच्या तारखेपासून. खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच कायदा धरतो. म्हणजे सगळे भांडण येऊन थांबते ते मालाबरोबरच्या चलनावर. टेम्पो गेटवर पोचतो, दुपारची वेळ असते, भांडारपाल जेवायला गेलेला असतो, वॉचमन चलनावर सही मारतो आणि चालक ते घडी घालून खिशात ठेवतो. सही कुणाची ते वाचता येत नाही, शिक्का नाही, तारीख नाही. वर्षभराने प्रकरण थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे गेले की समोरचा वकील पहिल्यांदा तेच चलन मागतो. तेव्हा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका.

परिषदेचा निकाल तुमच्या बाजूने लागला तर समोरच्याला न्यायालयात आव्हान देण्यासाठी रकमेच्या 75 टक्के आधी भरावे लागतात. कायद्याला दात आहेत. तरी लहान माणूस तिथे जायला कचरतो, कारण पुढची ऑर्डर त्याच कार्यालयातून यायची असते. 2025 मध्ये राज्यभरातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले. त्यांची सगळी कामे चोख होती असे मी म्हणणार नाही. पण खासगी कंपनीने लहानांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात धरू न देणारे सरकार, स्वतःची बिले मात्र निधी येईपर्यंत लटकवून ठेवते, हे लाजिरवाणे आहे.

म्हणून पहिली ऑर्डर एवढीच घ्या, की सहा महिने पैसे आले नाहीत तरी कामगारांचा पगार थांबणार नाही. आईचे दागिने गहाण ठेवून निविदा भरू नका. खरेदीदार 'ट्रेड्स' या बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर बिल तिथे वटवा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे.

आणि लहान उद्योग म्हणून सरकारकडे करायची 'उद्यम' नोंदणी पहिल्या ऑर्डरच्या आधी करा. नंतर केलेली चालते का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. तो वाद दुसऱ्यांना लढू द्या. नोंदणीला आधार आणि पॅन लागते. ती सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्ण मोफत आहे. तिचे हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.