नियम कुणाचे?



माझी शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याच्या पुस्तकांवर बोट ठेवून झाले. अशा माणसाने हिंजवडीत येऊन संगणकातल्या खेळांवर काय बोलावे? पण नियम कसे होतात आणि कसे मोडतात, हे पाहण्यात माझा जन्म गेला आहे.

खोखो घ्या. पूर्वी तो गावोगाव निराळा होता. १९१४ च्या सुमारास पुण्यात जिमखान्याने त्याचे नियम बांधले. आठ गडी बसतील, नववा पाठलाग करील. त्याने धरलेली दिशा सोडायची नाही. मैदान कुणाचे, माती कुठली, हे त्यांत नाही. म्हणूनच ते नियम कोणत्याही गावाला उचलून नेता आले.

आभासी जगातही हेच घडले. १९८९ साली स्वीडनच्या लार्स पेनशो यांनी आपल्या खेळाचे दोन भाग केले. एक यंत्रणा चालवणारा, दुसरा त्या जगातल्या वस्तू आणि झुंजी ठरवणारा. मग यंत्रणा तीच ठेवून इतरांनी आपापली जगे उभारली.

आमच्याकडे १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याबरोबर नमुन्याचे आदेश आले. नव्या कारखान्याने तोच नमुना घ्यावा, मात्र आदेश मंजूर होण्यापूर्वी कामगारांचे म्हणणे ऐकले जाई. मला मोल वाटते ते या ऐकण्याचे.

कारण उचललेला नियम खेळापुरता राहत नाही. गुण, पायऱ्या, बक्षिसे हे सारे खेळातले. आज ते मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांना लावले आहेत. इथल्याच एका पोराने मला फोन दाखवला. काल पंधरा खेपांना बक्षीस होते, आज अठरा खेपांना. कुणी बदलले? फोन उत्तर देत नाही.

खेळाडूंनी मात्र उत्तर मिळवले आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे मूळ नियम २००० सालापासून इतरांना वापरायला मोकळे होते. जानेवारी २०२३ मध्ये मालक कंपनी ती मोकळीक आवळू लागली. खेळाडूंनी ओरड केली, वर्गण्या बंद केल्या. त्याच महिन्यात कंपनीने मूळ नियम सर्वांना कायमचे खुले केले. आमच्या भाषेत याला एकजूट म्हणतात.

इथल्या तरुण मित्रांनो, दुसऱ्याला उचलता येईल असा नियम जरूर लिहा. पण तो कोण बदलू शकेल आणि खेळणाऱ्याने दाद कुणाकडे मागावी, ही दोन कलमेही त्यातच लिहा. म्हणजे नियम जिथे जाईल तिथे तीही जातील.