दुचाकीची निवड : हौस आणि हिशेब



पहाटेच्या पाळीस निघालेला कामगार, शेजारच्या गावी शिकविण्यास जाणारा शिक्षक, दुधाच्या किटल्या बांधून डेअरीची वाट धरणारा शेतकरी, यांच्या संसारात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. जेथे एस.टी.ची वेळ आणि पाळीची वेळ जुळत नाही, तेथे ती रोजगार टिकविण्याचे साधन झाली आहे. घर आणि शेती सोडल्यास अनेक कुटुंबांत कर्ज काढून घेतलेली हीच सर्वांत मोठी वस्तू असते. तिच्या निवडीतील चूक हप्त्यांबरोबर वर्षानुवर्षे फेडावी लागते. म्हणून ही निवड हौसेइतकीच, किंबहुना हौसेहून अधिक, हिशेबाने व्हावयास हवी.

१९७२ साली चेतक स्कूटर आणि लूना मोपेड रस्त्यावर आल्या, तेव्हा बहुतेक दुचाकींची इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती. या इंजिनात ताज्या इंधनाचा काही भाग न जळताच धुरासोबत बाहेर पडतो, शिवाय पेट्रोलबरोबर तेलही जळते. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सी.सी.ची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली आणि ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. प्रश्न योग्यच होता. परंतु त्याचे उत्तर केवळ एका आकड्यात मिळत नाही.

समजा, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कामगाराचे जाणे-येणे रोज ४० किलोमीटरचे आहे. महिन्याच्या २५ दिवसांत हे अंतर १,००० किलोमीटर होते. लिटरला ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस २५ लिटर पेट्रोल लागेल. ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीस पावणेसतरा लिटरही लागणार नाही. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर महिन्याची बचत सुमारे ८३० रुपये, वर्षाची सुमारे १०,००० रुपये आणि पाच वर्षांची ५०,००० रुपये होते. एवढ्या रकमेत मुलांच्या शिक्षणाचा बराच भार हलका होऊ शकतो.

हाच हिशेब पुढे नेला म्हणजे एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. ६० ऐवजी ७० किलोमीटर धावणारी गाडी घेतल्यास महिन्याला वाचतात ते अवघे २४० रुपये. तेवढ्यासाठी १२,००० रुपये जादा मोजले, तर ते वसूल होण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. आणि ज्याचे रोजचे जाणे-येणे केवळ १० किलोमीटरचे आहे, त्याची ४० आणि ६० यांमधील बचतही महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपासच राहते. अशा गृहस्थाने चांगल्या स्थितीतील वापरलेली गाडी घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. तात्पर्य, आधी स्वतःचे अंतर मोजावे आणि मग गाडीचा ॲव्हरेज विचारावा.

लहान इंजिन इंधन का वाचविते, हेही समजून घेतले पाहिजे. गर्दीच्या रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा थांबते आणि प्रत्येक वेळी तिचे सारे वजन नव्याने वेगात आणावे लागते. गाडी हलकी असेल तितके हे काम स्वस्तात होते. मोठे इंजिन मंद गतीने चालविले, तर त्याच्या शक्तीचा मोठा भाग उपयोगात न येता इंधन मात्र खर्च होते. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ५० किलोमीटरऐवजी ८० च्या वेगाने जाताना तो अडीच पटींहून अधिक होतो. सपाट रस्त्यावर एकट्या-दुकट्याच्या रोजच्या प्रवासास १०० ते ११० सी.सी.चे इंजिन पुरेसे असते. घाटरस्ता किंवा नित्याचे ओझे असेल, तर १२५ सी.सी.चा विचार करावा. दुर्बळ इंजिन सतत ताणून चालविल्यानेही बचत होत नाही.

जाहिरातीतील आकडा प्रयोगशाळेतील ठरावीक वेगाच्या व ठरावीक भाराच्या चाचणीतून आलेला असतो. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था अशा चाचण्या घेतात. गाड्यांची आपसांत तुलना करण्यास तो आकडा उपयोगी पडतो. परंतु खड्डे, सिग्नल आणि मागे बसलेला सोबती त्यात नसतात. खरा ॲव्हरेज काढण्याची रीत सोपी आहे. टाकी पूर्ण भरावी, मीटरचा आकडा लिहून ठेवावा, तीनशे-साडेतीनशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरावी. धावलेल्या अंतरास भरलेल्या लिटरांनी भागले की उत्तर मिळते. त्याच मार्गाने जाणाऱ्या सहकाऱ्याने असा काढलेला आकडा जाहिरातीहून अधिक मोलाचा असतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून ॲव्हरेज किंचित घटणे स्वाभाविक आहे, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते.

किमतीविषयीही सावध राहिले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरी शोरूमची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत नोंदणी व विम्याचे अंतर राहतेच. त्याहून मोठा फसवा भाग व्याजाचा. ६०,००० रुपयांचे कर्ज ‘फ्लॅट’ १० टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर व्याज १८,००० रुपये होते. मुद्दल दरमहा फिटत असतानाही व्याज मूळ रकमेवरच आकारले जात असल्याने, घटत्या शिलकेवर हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. सहीपूर्वी एकूण परतफेडीचा आकडा लेखी मागावा. वापरलेली गाडी घेताना नोंदणीपुस्तकावरील बँकेचा बोजा उतरला आहे काय, हे पाहावे आणि मालकी हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने तत्काळ भरावेत.

घेतलेली गाडी काटकसरीची राहणे मात्र चालविणाऱ्याच्या हाती असते. टायरमधील कमी हवा, सैल किंवा कोरडी साखळी, धुळीने भरलेला एअर फिल्टर आणि अर्धवट दाबून ठेवलेला क्लच ही पेट्रोलची नित्याची गळती होय. जवळच्या गावात सुटे भाग मिळणारी आणि स्थानिक मेकॅनिकला अवगत असलेली गाडी म्हणूनच दीर्घकाळ स्वस्त पडते.

एका बाबतीत मात्र काटकसर कदापि करू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा किंवा चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा अनिवार्य झाली. जून २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह असलेल्या हेल्मेटचीच विक्री करण्याचे बंधन आले. ज्या कमावत्या माणसासाठी सारा हिशेब मांडला, तोच संध्याकाळी सुखरूप घरी परतला नाही, तर वाचविलेल्या पेट्रोलला अर्थ उरत नाही. गाडीच्या अंदाजपत्रकात स्वतःसाठी आणि मागे बसणाऱ्यासाठी अशी दोन हेल्मेटे प्रथम मांडावीत.

देशाला लागणाऱ्या खनिज तेलाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग परदेशांतून येतो. घरात वाचलेला प्रत्येक लिटर त्या आयातीतूनही वजा होतो. शोरूमच्या दिव्यांत प्रत्येक गाडी चकाकते. कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच्या रस्त्याचा हिशेब आधी मांडणारा ग्राहक त्या चकाकीने दिपत नाही. त्याची गाडी कदाचित साधी दिसेल, पण तिचा हप्ता संपेल तेव्हा घरात शिल्लक असेल.