ग्रेल : न विचारलेला प्रश्न

'होली ग्रेल' म्हटलं की येशूचा प्याला आठवतो. पण ११८०-९० च्या सुमारास फ्रेंच कवी क्रेतिआं द त्रुआ याने 'पर्सिव्हल'च्या कथेत ग्रेल आणला, तेव्हा ते होतं वाढायचं एक रत्नजडित, खोलगट ताट. १२०० च्या आसपास रोबेर द बोरोंने त्याला येशूच्या शेवटच्या भोजनातलं पात्र ठरवलं. पुढे काही वर्षांतच जर्मन कवी वोल्फ्रामने त्याचा चक्क दगड केला. म्हणजे पावित्र्य वस्तूत नव्हतं, सांगणाऱ्यांनी ते तिला दिलं.

संशोधक म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो कथेतला प्रश्न. जखमी राजासमोरून रक्त ठिबकणारा भाला आणि ग्रेल नेले जातात. 'फार बोलू नये' अशी शिकवण मिळालेला पर्सिव्हल गप्प बसतो. भाल्यातून रक्त का येतं, ग्रेलमधून कुणाला वाढतात, एवढं त्याने विचारलं असतं तर राजा बरा झाला असता, हे त्याला नंतर कळतं.

आपली इथली मुलं देव्हाऱ्यातल्या शंखाकडे बोट दाखवून 'हे कशासाठी?' विचारतील, तेव्हा त्यांना गप्प करू नका. उत्तर येत नसेल तर दोघं मिळून शोधा. पर्सिव्हलला प्रश्न नव्हे, मौन महागात पडलं.