बेटाचा पैसा



जर्सी म्हटले की आपल्यापुढे गाय उभी राहते. ती ज्या बेटावरून जगभर गेली, ते जर्सी बेट इंग्लंडच्या दक्षिणेला, पण फ्रान्सच्या किनाऱ्याला अधिक लागून आहे. विस्तार सुमारे ११८ चौरस किलोमीटर. ब्रिटनचा राजा तोच यांचा राजा. परंतु हे बेट ब्रिटनच्या राज्याचा भाग नव्हे. कायदेमंडळ त्याचे स्वतःचे आणि नोटाही स्वतःच्या. त्या पौंडाची किंमत इंग्लंडच्या पौंडाइतकीच. तरी इंग्लंडातला दुकानदार ती नोट घेईलच असे नाही. मग एवढ्याशा बेटाने हा खटाटोप करावा कशाला?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला १९४० ते १९४५ या काळात सापडते. १ जुलै १९४० रोजी बेट जर्मन सैन्याच्या हाती गेले. पुढे चिल्लर नाण्यांची टंचाई झाली, तेव्हा बेटाच्या सरकारने एडमंड ब्लॅम्पिड या तिथल्याच चित्रकाराकडून सहा पेनींपासून एक पौंडापर्यंतच्या नोटा काढवून घेतल्या. सहा पेनींच्या नोटेमागे इंग्रजीत ‘सिक्स’ असे ठळक लिहिले होते. नोट मधोमध दुमडली की ‘एक्स’ या अक्षराचा वरचा अर्धा भाग तेवढा उरे, आणि तो होई विजयाचा ‘व्ही’! हेच अक्षर भिंतीवर काढणाऱ्याला त्या दिवसांत तुरुंग दिसे. इथे मात्र ते शत्रूच्या डोळ्यांदेखत बाजारभर फिरत होते. १९४३ च्या तीन पेनींच्या टपाल तिकिटावरही याच चित्रकाराने राजा जॉर्ज याची आद्याक्षरे नक्षीत दडवली.

९ मे १९४५ रोजी बेट मुक्त झाले. २०१० साली निघालेल्या एक पौंडाच्या नोटेवर त्या मुक्तीचे स्मारकशिल्प आहे. त्या मालिकेतील नोटांवर इंग्रजी आणि फ्रेंच यांच्या जोडीला ‘जेरिए’ ही बेटाची जुनी बोलीही आहे. आज ती फार थोड्यांच्या तोंडी उरली आहे. पण नोटेवर तिला मानाची जागा आहे. आणि नोट उजेडापुढे धरली, की कागदात उमटते जर्सी गायीचे मुख!

श्रोतेहो, पौंडाचा भाव लंडनमध्ये ठरतो. त्यावर या बेटाचा काही इलाज नाही. परंतु नोटेवर कोणती आठवण जपावी, कोणती भाषा लिहावी, हे बेट स्वतः ठरवते. तो हक्क किती मोलाचा, हे त्याला पारतंत्र्याच्या पाच वर्षांनी शिकवले आहे.