केळ्यांचा घाणा आणि गटाची वही

हातातली कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज बोलूया फिलिपिन्स देशातल्या तळलेल्या केळ्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचा खाऊ आपल्या गावात आला कसा? आपल्या कोकणातले कितीतरी जण जहाजावर नोकरीला असतात. तिथे फिलिपिन्सची माणसंही असतात. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या यजमानांनी हा खाऊ जहाजावर खाल्ला आणि घरी येऊन सांगितला.

तिकडे त्याला ‘बनाना क्यू’ म्हणतात. बनाना आणि बार्बेक्यू हे शब्द जोडून ते नाव झालं, कारण केळी काडीला टोचून देतात. भाजत मात्र नाहीत, तळतात. ‘साबा’ नावाची आखूड, जाड केळी सोलून तापल्या तेलात सोडायची आणि त्यातच तांबूस साखर घालायची. साखर वितळून केळ्यांवर चकचकीत थर बसतो. मग बांबूच्या काडीला दोन-तीन केळी टोचायची. दुपारच्या खाण्याला तिकडे ‘मेरिएंदा’ म्हणतात. त्या वेळी रस्त्याकडेला ही केळी विकतात. केळं आणि फणसाचा तुकडा पातळ पारीत गुंडाळून तळला, की झाला ‘तुरोन’.

आठवडी बाजारासाठी आम्हीही करून पाहिलं. गटाच्या पैशांतून सामान आणलं, पण केळी घेतली पिकलेली वेलची. ती तेलात विरघळली, साखर करपून कडू झाली. 240 रुपये गेले. कुणी म्हणालं, “वहीत लिहू नका, आपसांत भरून टाकू.” कुणाला भीती, कर्जाच्या वेळी बँकेचे साहेब वही बघून काय म्हणतील? बराच वाद झाला. शेवटी लिहिलं, ‘पिकलेली वेलची केळी, मोठी आच, माल वाया.’ खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

पुढच्या वेळी तीच ओळ वाचून कामाला लागलो. राजेळी केळी घेतली, पिवळी पण घट्ट. आच बेताची ठेवली. माल दुपारीच संपला.

बायांनो, करून बघाल तर लेकरांना कढईपासून लांब ठेवा. वितळलेली साखर कातडीला चिकटते आणि खोल भाजते. आणि घाणा बिघडला, तर तेही वहीत लिहा. लपवलेला तोटा पुन्हा होतो, लिहिलेला तोटा शिकवून जातो.

भेटूया पुढच्या वेळी. नमस्कार!