पहिले तीन दिवस आणि वरचे दूध

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भोर येथे आयोजित माता-बाल आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयावर बोलण्याचा अधिकार वास्तविक डॉक्टरांचा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडवाला. परंतु गेली चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवरून बाळंतपणाशी माझा संबंध येत आला आहे. हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशा चारही दिशांनी माणसे झबली, टोपडी, दुपटी आणि बाळंतविडा घेण्यासाठी आमच्याकडे येतात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. जुन्या सवयीने मी वेल्हेच म्हणतो, त्याबद्दल क्षमा असावी. कापड पाहता पाहता आजीबाई सांगतात, "पोर अंगावर पीतच नाही", "सुनेला दूधच नाही". ही दोन वाक्ये मी किती वेळा ऐकली असतील, याची गणती नाही. असे का होते, हे विचारण्याचे मला कधी सुचले नाही. कारण हीच वाक्ये मी स्वतःच्या घरीही उच्चारली होती.

माझ्या सौभाग्यवतीचे पहिले बाळंतपण १९८८ साली झाले. बाळ निरोगी होते. आमच्या मातुःश्रींनी मोठ्या मायेने सर्व सूत्रे हाती घेतली. आमच्याकडे मध वर्ज्य, म्हणून बाळाच्या ओठाला गुळाचे पाणी लावण्यात आले. पहिले पिवळसर चिकाचे दूध बाळाला बाधते, या समजुतीने ते पिळून टाकले गेले. तिसऱ्या दिवसापर्यंत बाळाला बोंडल्याने पाणी घातलेले गाईचे दूध पाजले. चौथ्या दिवशी आईजवळ घेतले, तेव्हा ते तोंड फिरवून रडू लागले. मातुःश्री म्हणाल्या, "हिला दूध नाही." मी लगेच बाजारात जाऊन पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणली. त्या काळी मला त्याचा अभिमान वाटला होता. दोन महिन्यांत अंगावरचे दूध पूर्ण आटले. पुढे पावसाळ्यात बाळाला जुलाब सुरू झाले आणि ते इतके अशक्त झाले, की सलाइन लावण्यासाठी त्याच्या हाताची शीर सापडेना. दैवकृपेने मुलगा वाचला. पण त्या आठवड्यात त्याच्या आईने स्वतःला जो दोष लावून घेतला, तो पुढे कित्येक वर्षे तिच्या मनातून गेला नाही.

दोष तिचा नव्हता, हे मला फार उशिरा समजले. ते मी आपणांस व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. आईचे दूध हा गोदामात भरून ठेवलेला माल नव्हे. येथे मागणी तसा पुरवठा हा नियम आहे. बाळ चोखते, त्या चोखण्याने आईच्या मेंदूला संदेश जातो आणि प्रोलॅक्टिन हा स्राव वाढून दूध तयार होते. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या स्रावामुळे ते बाहेर येते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. काळजी, वेदना आणि टोमणे यांनी हा पान्हा अडखळतो. स्तनात दूध तसेच साचून राहिले, तर नवे दूध बनण्याचे प्रमाण शरीर आपोआप कमी करते.

आता वरचे दूध पाजले की काय होते, ते पाहा. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचा-दोन चमचे दूध मावते, आणि चीकही तेवढाच येतो. निसर्गाचा हिशेब चोख आहे. भरपूर दूध साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते. तोवरच्या थोड्या दुधाला आपण 'दूध नाही' असे म्हणतो आणि वाटीभर वरचे दूध पाजतो. पोट भरलेले बाळ झोपी जाते, चोखत नाही. चोखले नाही म्हणून दूध वाढत नाही. दूध वाढले नाही म्हणून पुन्हा वरचे पाजावे लागते. बाटलीची सवय लागलेल्या काही बाळांना आईजवळ नीट तोंडात धरून ओढणे अवघड जाते. शेवटी आपण म्हणतो, "पाहा, दूध नव्हतेच." जे खोटे होते, ते आपणच तीन दिवसांत खरे करून दाखवलेले असते.

फेकून दिला जाणारा चीक तर रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो. बाळाची ती पहिली लसच म्हणता येईल. घाना या आफ्रिकी देशात सुमारे ११ हजार बालकांचा अभ्यास झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे अनुमान असे, की जन्मानंतर पहिल्या तासात सर्व बाळांना स्तनपान सुरू झाले, तर नवजात मृत्यूंपैकी २२ टक्के टळू शकतील. मधाविषयी सांगायचे, तर त्यातील जंतूंमुळे गंभीर विषबाधा होण्याचा धोका असतो, म्हणून एक वर्षाच्या आतील बाळाला तो कोणीही चाटवू नये.

आपल्याला वाटेल, आता प्रसूती रुग्णालयात होतात, मग हा प्रश्न उरला कोठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २०१५-१६ मध्ये देशात ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. मात्र पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्के झाले. म्हणजे बाळ रुग्णालयात जन्मू लागले, तरी खाटेशेजारच्या माणसांच्या मनातली जुनी समजूत तशीच राहिली. बोंडल्याच्या जागी बाटली आली, एवढाच काय तो फरक.

या कार्यात महाराष्ट्र मागे नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा प्रकारची ती आशियातील पहिली पेढी मानली जाते. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९९१ साली वर्ध्याला झाली. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याच्या पाठबळावर आज आशाताई देशभर बाळंतिणीच्या दारी जातात. रुग्णालयातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. धुवाधार पावसात वाडीवस्तीवर चालत जाणाऱ्या या भगिनींना मी येथून वंदन करतो.

१९९२ साली केंद्र शासनाने केलेल्या आणि २००३ साली अधिक कडक केलेल्या कायद्यानुसार बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही. नमुने किंवा भेट देऊन त्यांचा खप वाढवता येत नाही. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या दुकानात बाळंतविड्याचा जो सजवलेला खोका विकला जाई, त्यात झबल्या-टोपड्यांसोबत आम्ही एक दुधाची बाटली भेट म्हणून ठेवत असू. गिऱ्हाईक खूश होत असे. कायदा कळला, त्या दिवसापासून ती बाटली बंद केली आणि त्या जागी सुती दुपटे ठेवले. खप यत्किंचितही घटला नाही.

२०१९ साली आमची नात जन्मली. सिझेरियन झाले होते. रात्री बाळ रडू लागले आणि मी एकतीस वर्षांपूर्वीप्रमाणेच डबा आणण्यासाठी चपला घातल्या. सौभाग्यवतींनी मला दारात अडवले. म्हणाल्या, "एकदा आणलात, आता नको. डॉक्टरांनी सांगितले तरच आणा." परिचारिकेने बाळाला सुनेच्या उघड्या छातीशी घेतले, वरून पांघरूण घातले आणि कसे धरायचे ते दाखवले. दोन रात्री कोणी झोपले नाही. पाजायला अनेकदा घ्यावे लागले. तिसऱ्या दिवशी पान्हा आला. त्या मुलीने सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही घेतला नाही.

याचा अर्थ वरचे दूध सर्वथा निषिद्ध, असा कोणी घेऊ नये. बाळ फार अशक्त वा अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याची साखर उतरली असेल किंवा आईला गंभीर आजार असेल, तर डॉक्टर सांगतील तसे वागावे. अशा वेळीही शक्य असल्यास आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने पाजता येते. बाळ सुस्त वाटले किंवा लघवी कमी झाली, तर विलंब न करता दाखवावे. आणि ज्या मातेला प्रयत्न करूनही जमले नाही, तिला एका शब्दानेही दुखवू नये.

भातलावणीच्या दिवसांत बाळंतीण लवकर शेतावर जाते, ही आपल्या भागातील वस्तुस्थिती आहे. घरच्यांनी तिला सहा महिने त्यातून मोकळीक द्यावी. तेही शक्य नसेल, तर स्वच्छ झाकलेल्या भांड्यात काढून ठेवलेले तिचे दूध साधारण तापमानाला चार तास चांगले राहते.

माझी विनंती मुख्यतः माझ्या वयाच्या मंडळींना आहे. सुनेने काय करावे, हे आपण फार सांगतो. पण तान्ह्या बाळाच्या घरात पहिला डबा बहुधा आजोबा किंवा वडीलच विकत आणतात. ते पाकीट खिशातून काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या तीन दिवसांत बाळंतिणीला गरम जेवण, विश्रांती आणि "तुला दूध येईल" हा धीर द्यावा. दुकानात आजही आजीबाई म्हणतात, "सुनेला दूध नाही." आता मी गज बाजूला ठेवतो आणि विचारतो, "बाळ किती दिवसांचे आहे? आशाताईंना दाखवले का?"